दोन खुर्च्यांचं सभागृह

रविवार, ३ मार्च

स्वतःच्या हातांनी केलेल्या वस्तू, आठवतील तशा: तीन पायांचं स्टूल (वय तेरा, चौथ्या पायाला लाकूड पुरलं नाही, आणि तीन पायांचं स्टूल कधी डुगडुगत नाही हा शोध मी कुठल्याही पुस्तकाशिवाय लावला). स्वयंपाकघरातलं टेबल. न्हाणीघराचं दार, दोनदा, कारण पहिलं आत उघडायचं आणि आत माणूस असला की उघडायचंच नाही. दोन मेलेल्या कॉम्प्युटरांतून एक जिवंत कॉम्प्युटर. तो ठेवायला टेबल. बायकोच्या चष्म्यासाठी शिसवी पेटी, जी ती वापरत नाही. खुर्च्या किती, ते मोजलं नाही असं मी लोकांना सांगतो. ही वही: पानं विकतची, शिवण माझी, पुठ्ठा एका नापास खुर्चीच्या पाठीतला.

आणि कालपासून, एक स्प्रेडशीट.

नव्या सभागृहाच्या सगळ्या खुर्च्यांचं काम आपल्या कारखान्याला मिळालं आहे. कारखाना म्हणजे एक शेड, दोन सुतार, मी आणि आक्का. आजवरची सर्वांत मोठी ऑर्डर दवाखान्यातल्या बाकांची होती. ही त्याच्या दहापट. जमलं तर नाव होईल. नाही जमलं तर नाव होईलच, पण वेगळं.

म्हणून शीट. एक चौकट म्हणजे एक खुर्ची. वर रंगमंच, खाली अ रांग, मग ब रांग, मध्ये जाण्यायेण्याची वाट पांढरी सोडलेली. तयार खुर्ची हिरवी, अर्धवट पिवळी. लांबून पाहिलं तर हुबेहूब सभागृह. मी लांबूनच पाहत बसलो होतो. बायको म्हणाली, "तिकीट काढलंय का?"

बुधवार, ६ मार्च

आज जे साधलं ते सगळ्यांत आधी इथे लिहितो. शीटच्या पोटात शीट घालता येतं!

झालं असं. सभागृहाचं शीट माझं. पण बैठकीची मापं, म्हणजे गादी, स्प्रिंग, कापड, ती आक्काच्या शीटमध्ये. आक्का माझी मोठी बहीण. आईच्या आजारपणात तिच्या लग्नाचा विषय मागे पडला तो पडलाच. खुर्च्यांची कापडं बेतणं आणि शिवणं तिच्याकडे, आणि तिच्यासारखी सरळ शिवण मी यंत्राचीही पाहिलेली नाही. दोन शीटं सारखी उघडझाक करून वैताग आला होता. मेनू चाचपडत गेलो: इन्सर्ट, मग ऑब्जेक्ट, मग फाइल निवडा, आणि आक्काचं सबंध शीट माझ्या रंगमंचाच्या बाजूला एका लहान चौकोनात येऊन बसलं. त्यावर दोनदा टिचकी मारली की तिथल्या तिथे उघडतं. याला एम्बेड करणं म्हणतात.

बायकोला दाखवलं.

"म्हणजे डब्यात डबा," ती म्हणाली.

"डब्यात डबा नव्हे. डब्यात स्वयंपाकघर."

"मग भांडी कोण घासणार?"

तिथे "लिंक टू फाइल" अशी एक बारकी चौकोनी खूण करायची सोय होती. ती केली नाही. मला जोडाजोड आवडत नाही. खुर्चीतही मी खिळा मारत नाही, सांधा करतो.

आक्का चष्मा कपाळावर सरकवून म्हणाली, "अरे, माझं शीट तुझ्या पोटात गेलं. आता मी लिहायचं कुठे?"

"लिहितेस तिथेच लिही. इथे आपोआप येईल."

"आपोआप?"

"आपोआप."

हे मी फार ठामपणे सांगितलं. इथे नोंदवून ठेवतो.

गुरुवार, १४ मार्च

आपोआप काही येत नाही.

सभागृहाचे व्यवस्थापक अ रांगेच्या पहिल्या खुर्च्या पाहायला आले. ताठ माणूस, इस्त्री शर्टाला आणि चेहऱ्यालाही. बसले. म्हणाले, "छान." उठले, आणि खुर्ची त्यांच्याबरोबर उठली.

स्प्रिंगवाले तेव्हा शेडमध्येच होते. हे आमच्या स्प्रिंगा करून देतात. स्वतःचं छोटं वर्कशॉप, बायको जाऊन बरीच वर्षं झाली, स्वभाव मालासारखाच, कुठेही दाबा, वर येतात. व्यवस्थापकांना शेडभर खुर्ची घेऊन फिरताना पाहून त्यांना इतकं हसू आलं की ते शेजारच्या खुर्चीत कोसळले. तेही अडकले. व्यवस्थापकांना दोन्ही सुतारांनी सोडवलं. स्प्रिंगवाल्यांचा एक हात मी ओढला, एक आक्काने. सुटल्यावर ते म्हणाले, "बाई, तुमची शिवण सोडत नाही माणसाला." आक्का म्हणाली, "शिवणीवर कशाला ढकलता, जेवण कमी करा."

चूक सापडली. आक्काने मागच्याच आठवड्यात तिच्या शीटमध्ये बैठकीची रुंदी ४६ सेंटिमीटरची ५२ केली होती. माझ्या पोटातल्या शीटमध्ये ती ४६ च राहिली, आणि सुतारांना मी माप दिलं ते तिथलं. एम्बेड केलं की आत जाते ती प्रत. मूळ फाइल बाहेर मोठी होत राहते, आतली ज्या दिवशी घातली त्या दिवसाएवढीच राहते. थोडक्यात, मी फोटोला जेवू घालत होतो आणि माणूस अंगणात उभा.

नऊ खुर्च्या पुन्हा कराव्या लागणार.  आक्का नुसतं "आपोआप," म्हणाली.

यावर नियम केला. आतली रुंदी ५२ केली आणि आक्काची मूळ फाइल पुसून टाकली. आता आतलं शीट हेच एकमेव. कापडाचं आक्का तिथेच लिहील, स्प्रिंगचं स्प्रिंगवाले येतील तेव्हा स्वतः तिथेच लिहितील. प्रत्येक खुर्चीसमोर "शेरा" असा एक रकाना दिला, म्हणजे कोण काय का बदलतंय ते कळेल.

व्यवस्थापक जाता जाता म्हणाले, "शीट मात्र नामी आहे. दर शनिवारी मला पाठवत जा." पाठ फिरली तेव्हा त्यांच्या इस्त्रीवर ५२ उणे ४६ एवढ्या रुंदीच्या दोन घड्या दिसल्या.

शुक्रवार, २२ मार्च

नियम असा लागू पडेल असं मलाही वाटलं नव्हतं. स्प्रिंगवाले आधी आठवड्यातून एकदा पोतं टाकून जायचे. आता रोज येतात, एकेक पिशवी घेऊन. "मालक, शीट भरायचं राहिलंय," म्हणतात. माल थोडा थोडा आल्याने शेडमध्ये जागाही राहते. हाही शीटचाच फायदा.

आणि शेरे! अशा दर्जाची तांत्रिक चर्चा मी मोठ्या कारखान्यांतही ऐकलेली नाही. नमुना उतरवून ठेवतो. ब रांग, चौथी खुर्ची:

स्प्रिंगवाले: या कापडाखाली मऊ स्प्रिंग घ्यावी. इतक्या नेटक्या शिवणीखाली कडकपणा शोभत नाही.

आक्का: मऊ स्प्रिंग लवकर दबते असं ऐकलंय.

स्प्रिंगवाले: दबते, पण पुन्हा उभी राहते. अनुभवाने सांगतो.

आक्का: अनुभवाची हमी किती वर्षांची?

स्प्रिंगवाले: कापड टिकेल तितकी.

"हमी" असा रकानाच नव्हता. आज घातला.

आक्का हल्ली काम करताना गुणगुणते. मी तिच्या मशीनला तेल घातलं होतं, त्यानंतरच हे सुरू झालं. बायकोला सांगितलं तर ती पदर तोंडाला लावून आत गेली. तिला अलीकडे खोकला येतो आहे.

सोमवार, १ एप्रिल

शनिवारी व्यवस्थापकांना फाइल पाठवली तर जाता जाईना. मेल धापा टाकत राहिला, रात्री कशीबशी फाइल गेली. फाइलचं वजन पहिल्यापेक्षा दहापट झालेलं! चौकटी तेवढ्याच, आकडे तेवढेच, मग हे बाळसं कसलं?

आज शोध घेतला. माझ्या शीटच्या पोटात बैठकीचं शीट, ते उघडलं, खाली खाली गेलो, आणि तिथे त्याच्याही पोटात एक शीट! मी शिकवलेली विद्या कोणीतरी एक मजला खाली नेली होती. शेजारी स्प्रिंगांचे, कापडाच्या तुकड्यांचे आणि एका चहाच्या कपाचे मोठमोठे फोटो. टिचकी मारली. आत काय असावं? सभागृह. फक्त दोन खुर्च्यांचं! दोन चौकटी, शेजारी शेजारी, दोन्ही हिरव्या. एकीत "स्प्रिंगवाले" असं लिहिलेलं, दुसरी रिकामी, नुसतं प्रश्नचिन्ह. खाली एक ओळ: "मध्ये हात ठेवायला एकच दांडी. चालेल का?"

चालेल का? मुळीच नाही चालणार. प्रत्येक खुर्चीला स्वतःच्या दोन दांड्या हव्यात, नाहीतर शेजाऱ्यांचे हात एकमेकांवर येतात. आणि दोन खुर्च्यांच्या सभागृहाची ऑर्डर देणार कोण? स्प्रिंगवाल्यांनी सरावासाठी केलं असणार. सराव स्वतःच्या कॉम्प्युटरवर करावा.

काढून टाकलं. मापं आता सगळी ठरली आहेत, तेव्हा पुन्हा कोणी हात घालू नये म्हणून आतलं शीटही मोडून त्याचं नुसतं चित्र करून ठेवलं: फक्त आकडे, शेरे नाहीत. जुन्या प्रती पुसल्या, पाठवलेले मेल पुसले, कॉम्प्युटरची कचरापेटी रिकामी केली. अर्धवट काम मला जमत नाही. फाइल पुन्हा पिसासारखी!

बायकोने विचारलं, "आक्कांना विचारलंत?"

"त्यात विचारायचं काय? शीट माझं आहे."

शुक्रवार, ५ एप्रिल

काहीतरी बिघडलं आहे आणि ते शीटमध्ये नाही.

मंगळवारी स्प्रिंगवाले आले, नवा शर्ट घालून. कॉम्प्युटरपाशी बसले. दोनदा टिचकी मारली. पुन्हा मारली. मी मागून म्हटलं, "आता ते उघडत नाही. सगळं साफ केलंय." त्यांनी विचारलं, "बाईंना माहीत आहे?" मी म्हटलं, "त्यांना काय, त्यांचं काम झालंय." मग ते माझ्या तीन पायांच्या स्टुलावर जाऊन बसले. थोड्या वेळाने उठले, म्हणाले, "कळलं उत्तर, मालक," आणि गेले. कसलं उत्तर? मी प्रश्नच ऐकला नव्हता. त्यानंतर पिशवी त्यांच्याऐवजी टेंपोवाला आणून टाकतो.

आक्का मागच्या दाराने आली तेव्हा ते गेलेले होते. तिनेही कॉम्प्युटर उघडला. बराच वेळ त्या चित्राकडे पाहत होती. "त्यांनी काढून घेतलं वाटतं," एवढंच म्हणाली. मी म्हटलं, "मीच काढायला हवं होतं आधी, फार जड झालं होतं." हे तिने ऐकलं नसावं. तोवर मशीन सुरू झालं होतं.

काल तिने फ रांगेची तीन कापडं उलटी शिवली. आक्काने! गुणगुणणं बंद आहे. मी मशीनला पुन्हा तेल घातलं. उपयोग नाही.

शनिवार, ६ एप्रिल

मी गाढव आहे. शिसवी गाढव. सांध्यासांध्यात गाढव.

सकाळी व्यवस्थापकांचा फोन. मी कानाला लावला तर ते इतक्या मोठ्याने बोलत होते की शेजारी भाजी निवडत बसलेल्या बायकोलाही ऐकू आलं.

"या शनिवारी आतलं शीट उघडत नाही."

"चित्र केलंय. वजन कमी केलं."

 मग एकदम वेगळ्याच आवाजात, "अहो, मग तिने काय सांगितलं?"

"कोणी?"

"दोन खुर्च्यांचं हो! मी आठवडाभर वाट पाहतोय. आमच्या ऑफिसात तिघेजण वाट पाहतायत!"

मी बायकोकडे पाहिलं. तिने हातातली जुडी खाली ठेवली.

"तुम्ही ते काढलंत?" ती म्हणाली. "तुम्ही? स्वतः?"

"ती चुकीची रचना होती. मध्ये एकच दांडी..."

"अहो, ते सभागृह नव्हतं, संसार होता! स्प्रिंगवाल्यांनी आक्कांना मागणी घातली होती. तुमच्या शीटमध्ये. तुमच्या नाकाखाली. तुम्ही हमीचा रकाना काढून दिलात त्यांना!"

मी खाली बसलो. एका क्षणात सगळ्या चौकटी रंग बदलत गेल्या: मऊ स्प्रिंग, नेटकी शिवण, रोज एक पिशवी, चहाचा कप, नवा शर्ट. स्प्रिंगवाल्यांना वाटलं आक्काने पुसलं. आक्काला वाटलं त्यांनी मागे घेतलं. आणि पुसणारा मी, कचरापेटीसकट.

"तुला कधीपासून माहीत?" मी बायकोला विचारलं.

"मला खोकला झाला तेव्हापासून."

फोन अजून चालूच होता. त्यातून व्यवस्थापक म्हणाले, "माझ्याकडे मागच्या शनिवारची प्रत आहे. पाठवू?"

मूळ बदललं तरी आतली प्रत बदलत नाही, म्हणून मी चौदा मार्चला एम्बेडला मनातल्या मनात किती शिव्या दिल्या! सगळ्या परत घेतो. दहा मिनिटांत फाइल आली, जड, जाडजूड, दोन मजले खोल, आणि तळाशी त्या दोन हिरव्या चौकटी जशाच्या तशा. एक भरलेली, एक प्रश्नचिन्हाची.

आक्काला हाक मारली. म्हटलं, "आक्का, तुझी एक चौकट भरायची राहिलीये. त्यांनी काढली नव्हती. मी काढली. वजनासाठी."

तिने चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला. पडद्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "वजनासाठी," ती म्हणाली. मग, "बाहेर जा."

मी बाहेर जाऊन सुतारांना एक फळी गुळगुळीत आहे की नाही हे तीनदा विचारलं. आतून कळफलकाचा आवाज येत होता, खटखट, मग काही नाही, मग खटखट. बायको खिडकीशी उभी राहून मला खुणा करत होती, ज्यांचा अर्थ एकही मला लागला नाही.

परत गेलो तेव्हा आक्का पाठमोरी कापडाची घडी घालत होती, आधीच घातलेली. दुसऱ्या चौकटीत प्रश्नचिन्ह नव्हतं. तिथे लिहिलं होतं:

"रुंदी ५२ घ्या, ४६ मध्ये तुम्ही अडकता. दांडी एकच ठेवा. कापड मी शिवते."

मी म्हटलं, "मेल करतो त्यांना."

आणि तिथेच थांबलो. मेल म्हणजे पुन्हा प्रत. ती पोचेल, न पोचेल, ते उघडतील, न उघडतील, आणि मूळ इथेच. नाही. आता मूळच जाणार! कॉम्प्युटरच्या वायरी काढल्या. टेंपो बोलावला. डबा मी मांडीवर घेतला, पडदा आक्काने, कळफलक बायकोने, माऊस तिने पर्समध्ये घातला. टेंपोवाला म्हणाला, "घर बदलताय का?" बायको म्हणाली, "एकजण."

आक्का म्हणाली, "अगं ए, गप."

स्प्रिंगवाले त्यांच्या वर्कशॉपच्या दारात तार सरळ करत होते. आम्हा तिघांना यंत्रं कवटाळून उतरताना पाहिलं आणि तार हातातून सुटून गुंडाळीत परत गेली.  त्यांचा पंखा काढून त्या जागी आमची पिन लावली, कॉम्प्युटर सुरू व्हायला नेहमीसारखाच वेळ लागला (दोन मेलेल्यांतून केलेला आहे, घाई करता येत नाही), आणि तेवढा वेळ कोणी कोणाकडे पाहिलं नाही. मग टिचकी, आत टिचकी, त्याच्या आत टिचकी.

त्यांनी वाचलं. पुन्हा वाचलं. रुंदीशी आले आणि हसायला लागले, त्या दिवशीसारखंच, कोसळेपर्यंत. या वेळी मागे खुर्ची नव्हती, स्प्रिंगांचा ढीग होता. त्याने त्यांना उडवून पुन्हा उभं केलं. आक्का म्हणाली, "हीच का ती हमी?"

मी त्यांना विचारलं, "पण मध्ये एकच दांडी? हात एकमेकांवर येतील."

तिघंही माझ्याकडे बघत राहिले.

शनिवार, ११ मे

सभागृह सुरू झालं. खुर्च्या सगळ्या बसल्या आणि माणसं सगळी उठली, एकही खुर्ची कोणाबरोबर गेली नाही. व्यवस्थापकांनी पहिल्याच रांगेत बसून मला लांबून मान हलवून दाखवली. त्यांच्या ऑफिसातली तिघंजणं मात्र रंगमंचाकडे पाहतच नव्हती, मागे वळून आक्का कुठली ते शोधत होती.

नोंदणी कार्यालयातल्या सह्या मागच्या आठवड्यात झाल्या. भेट म्हणून मी दोन खुर्च्या केल्या, जोडलेल्या, रुंदी ५२, मध्ये एक दांडी. कापड आक्काचं, स्प्रिंगा त्यांच्या. मी बसून पाहिलं, बायकोला शेजारी बसवून. रचनेत दोष नाही. वरच्या यादीत ही जोडी घालावी की नाही ठरत नाही. निम्मीच माझी आहे.

आक्काचं मशीन तिकडे गेलं. ती आमचीच कापडं शिवते, पण तिथून. तिचं नवं शीट तिच्याकडे असतं आणि माझ्या शीटमध्ये नुसतं दिसतं. तिने तिकडे बदललं की इकडे बदलतं, खरोखर आपोआप. या वेळी ती बारकी चौकोनी खूण केली. आज सकाळी शेऱ्यात आलं: "चहात आलं जास्त झालं असं यांचं म्हणणं आहे. तुझं काय?" कुठल्या खुर्चीसाठी ते लिहिलेलं नाही.

आता व्यवहाराचं. दुपारी व्यवस्थापक पुन्हा आले. त्यांच्या मालकांना आणखी सभागृहं बांधायची आहेत आणि त्यांना आमची जुनी फाइल हवी आहे, विकत, हक्कासकट; नुसती प्रत त्यांच्याकडे आहेच. मी म्हटलं, बाहेरचं शीट फुकट घ्या, नुसत्या चौकटी आहेत, माझ्या हातच्या. ते म्हणाले, बाहेरचं कोणीही करील (हे ऐकून मी पाणी प्यायलो). हवं आहे ते आतलं. कुठल्या कापडाखाली कुठली स्प्रिंग कशी बसते, किती दबते, किती उठते, ते सगळं त्या शेऱ्यांत आहे. मी म्हटलं, शेऱ्यांत आणखीही काही आहे. ते म्हणाले, "तेवढं गाळून द्या."

बसलो गाळायला. ब रांग, चौथी खुर्ची. "दबते, पण पुन्हा उभी राहते. अनुभवाने सांगतो." यातलं काय ठेवायचं आणि काय काढायचं? ओळ काढली तर स्प्रिंग जाते. ठेवली तर ती दोघं जातात, व्यवस्थापकांच्या मालकांच्या कारखान्यात, कोणाही फोरमनच्या पडद्यावर. तासभर बसलो. एकही ओळ गाळता आली नाही.

नाही म्हणून सांगितलं. व्यवस्थापकांनी विचारलं, का? मी म्हटलं, ते मी केलेलं नाही. ते म्हणाले, "बरोबर आहे," आणि पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्याची इस्त्री हलली.

शेडचं छप्पर यंदाही गळणार आणि नवी करवत यंदाही येणार नाही. बायकोने आकडा दोनदा विचारला, दोनदा ऐकला, आणि मग म्हणाली, वहीत लिहून ठेवा, नाहीतर पुढे तुम्हीच म्हणाल की असं काही झालंच नव्हतं. म्हणून लिहितो. आतल्या शीटसाठी, शेऱ्यांसकट, नाकारलेली रक्कम: चार लाख ऐंशी हजार.